टोकण यंत्र: वाळूजचं की चीनचं?

हाताने ढकलायचं टोकण यंत्र मराठवाड्यात आता नवलाईचं राहिलेलं नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, मका, सरकी, सगळ्याची टोबणी, म्हणजे ठरावीक अंतरावर बी खोचणं, त्याच्यावर होते. मे महिन्यात कृषी सेवा केंद्रांच्या दारात ही यंत्रं रांगेने उभी असतात. स्टिकर इथलं, आतला माल बहुतेक चीनचा. स्वतःच्या नावाने हे यंत्र बाजारात उतरवायचं ठरवलेल्या छोट्या उद्योजकाला दोन वाटा आहेत. एक तर चीनमधल्या पुरवठादाराकडून तयार माल मागवायचा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपांतून बनवून घ्यायचा. या दोन्ही वाटांचं हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. वर्षाला तीनशे-पाचशे नगांचा धंदा असेल तर ड्रम तिकडून आणावा. चोच, बी सोडणारा रोलर आणि दांडा इथे करावा. अख्खं यंत्र इथे बनवण्याचं गणित अडीच-तीन हजार नगांच्या पुढे जमतं. अख्खं यंत्र तिकडून आणणं कागदावर सगळ्यात स्वस्त दिसतं, पण जूनमध्ये तेच अंगाशी येतं.

आधी यंत्र उघडून बघू. दोन अर्ध्या तबकड्या जोडून झालेला प्लास्टिकचा ड्रम, त्याच्या कडेने बारा चोची, आत खाचांचा रोलर, खाचेतलं जादा बी झाडणारा ब्रश, वर बियांचा डबा, मागे माती दाबणारं चाक आणि पाइपचा दांडा. वजन दहा-बारा किलो. चोच जमिनीत रुतली की वजनाने तिचा हलता जबडा उघडतो, बी पडतं आणि वर येताना स्प्रिंग तो मिटवते. बारा चोची लावल्या तर दोन ठोंब्यांत साधारण साडेचौदा सेंटिमीटर अंतर पडतं, सहा लावल्या तर त्याच्या दुप्पट.

या रचनेत चोच आणि स्प्रिंग मरते, बाकीचं टिकतं. हिशेब करून बघा. बारा चोचींच्या टोकांवरून मोजलेला परीघ सुमारे १.७४ मीटर. ४५ सेंटिमीटरवर तासं (ओळी) धरून एक एकर टोबायचं म्हणजे जवळपास ९ किलोमीटर चालणं. म्हणजे एकरी प्रत्येक चोच ५ हजारांहून जास्त वेळा उघडते-मिटते. भाड्याने फिरणारं यंत्र हंगामात पन्नास एकर करतं, तेव्हा एकेका स्प्रिंगची अडीच लाख उघडझाप झालेली असते. पुरवठादार ‘हाय क्वालिटी स्प्रिंग’ म्हणतो तेव्हा त्याला हा आकडा द्यावा आणि इतक्या उघडझापीची चाचणी केली आहे का, ते लेखी विचारावं. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजावं.

दुसरी अडचण आपल्या मातीची. हलक्या-मध्यम रानात चिनी चोच झकास चालते. भारी काळ्या रानात वापसा (पेरणीजोगी ओल) जरा जरी ओला असला की चिकण माती जबड्यात बसते, स्प्रिंगला तो मिटवता येत नाही, आणि पुढच्या ठोंब्याला बीच पडत नाही. ढकलणाऱ्याला हे कळतही नाही. कळतं ते आठ दिवसांनी, तासात रिकाम्या जागा दिसतात तेव्हा. यंत्र उलटं ओढलं की जबडे मातीने भरतात, ही सूचना दांड्यावर मराठीत चिकटवलेली असावी. चिनी मालात ती इंग्रजीत, तीही पुस्तिकेच्या मागच्या पानावर असते.

चीनचा माल: दरपत्रक आणि दारातला दर

दरपत्रकावर असतो एफओबी भाव, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा. हिशेबाला सोपं म्हणून असे आकडे धरू: एफओबी २० डॉलर, डॉलर ९० रुपये, म्हणजे नगाला १,८०० रुपये. खोक्याचं माप ६० × ५८ × २६ सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ घनमीटर. वीस फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्षात २७-२८ घनमीटर माल बसतो, म्हणजे तीनशे नग. समुद्रभाडं ९० हजार धरलं तर नगाला ३००, विमा २०. बंदरातली किंमत झाली २,१२०.

पेरणी यंत्रं कस्टमच्या ८४३२ या शीर्षकाखाली येतात. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ८.२५ टक्के, धरून १७५ रुपये होतात. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, पण त्याचं क्रेडिट (विक्रीवरच्या करातून वजावट) मिळतं म्हणून तो खर्चात धरत नाही. क्लिअरिंग एजंट, बंदराचे आकार, गोदाम आणि न्हावाशेवाहून वाळूजपर्यंतचा ट्रक मिळून ७५ हजार धरले तर नगाला २५०. माल निघण्यापूर्वीची तपासणी आणि बँकेचे आकार, नगाला ६५ ते ७०. इथपर्यंत २,६१०. शंभरात पाच नग विकण्याजोगे नसतील असं धरलं की २,७५०. पैसा अडकलेला असतो त्याचं व्याज वेगळं: ५ लाख ४० हजार रुपये साडेचार महिने, १२ टक्क्यांनी, नगाला ८० रुपये. दरपत्रकावरचे १,८०० दारात येईपर्यंत २,८३० होतात. म्हणून ढोबळ हिशेब करताना एफओबीला दीडने गुणावं आणि मगच इथल्या वर्कशॉपच्या दराशी तुलना करावी. शीर्षक आणि शुल्काचा दर ऑर्डरआधी एजंटकडून लेखी घ्यावा, कारण अर्थसंकल्पात तो बदलू शकतो.

पन्नास-शंभर नगांचा सुटा माल, म्हणजे एलसीएल, मागवणाऱ्यांनी एक सापळा ओळखावा. तिकडचा फॉरवर्डर (जहाजाने माल पाठवण्याची व्यवस्था करणारा) समुद्रभाडं जवळजवळ फुकट सांगतो आणि वसुली न्हावाशेवाला होते. डिलिव्हरी ऑर्डर, गोदाम, हाताळणी अशा नावांनी घनमीटरमागे आकार लागतात. भाडं ठरवताना इथल्या बंदरातले सगळे आकार रुपयांत लिहून मागावेत. देत नसेल तर दुसरा फॉरवर्डर बघावा.

पैशांची रीत ठरलेली आहे: ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल निघण्यापूर्वी किंवा बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आल्यावर. उधारी नाही. आगाऊ पैसे पाठवले की आयातीची बिल ऑफ एंट्री (कस्टमकडची नोंद) बँकेत जुळवून द्यावी लागते, नाहीतर तो व्यवहार बँकेच्या नोंदीत उघडा राहतो आणि पुढचे पैसे पाठवताना अडतो. आयात-निर्यात कोडची सरकारी फी ५०० रुपये आहे. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करायचा असतो, पेरणीच्या गडबडीत हे हमखास विसरतं. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला तर फोनवर, ओळखीच्या आवाजाशी बोलल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये. असे ईमेल बहुधा चोरांचे असतात आणि गेलेला पैसा परत येत नाही.

पुरवठादार कारखानदार आहे की मधला व्यापारी, हे संकेतस्थळावरच्या सोनेरी बिल्ल्यावरून कळत नाही. ते बिल्ले वर्गणी भरून मिळतात. व्यवसाय परवान्याची प्रत मागावी, आणि व्हिडिओ कॉलवर मोल्डिंग मशीनवर चालू असलेली ड्रमची डाय, म्हणजे साचा, दाखवायला सांगावी. व्यापारी असला म्हणून वाईट असं नाही, कधीकधी तो लहान ऑर्डर घेतो. पण चोचीत बदल करून घ्यायचा असेल तर कारखानदारच हवा.

तपासणीचा करार एक्यूएल २.५ प्रमाणे करावा; एक्यूएल म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे त्याची पातळी. तीनशे नगांच्या मालातून पन्नास नग उघडायचे. तीनपर्यंत दोषी निघाले तर माल पास, चार निघाले तर नापास. दोष कशाला म्हणायचं हे आधी लिहून द्यावं, नाहीतर तपासनीस खोक्याचा रंग बघून शिक्का मारतो. आपली यादी छोटी ठेवावी: मिटलेल्या जबड्याच्या टोकाशी एक मिलिमीटरहून जास्त फट नको (मूग आणि ज्वारी तिथूनच गळते), ड्रम मोकळा फिरवल्यावर कुठे घासायला नको, बाराही चोची एकाच दाबाला उघडायला हव्यात, आणि नमुन्याच्या नगाशी प्लास्टिकचा रंग-वजन जुळायला हवं. वजन शंभर-दीडशे ग्रॅमने कमी भरलं तर भिंतीची जाडी कमी केलेली असते. मोहोरबंद नमुना एक तिकडे, एक आपल्याकडे. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवा, नाहीतर माल बंदरातच अडकतो.

खरीप आणि चिनी नववर्ष

सगळ्यात मोठा दोष मालात नाही, पंचांगात आहे. यंत्र विकलं जातं मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. दुकानदाराला माल २० मेच्या आत हवा, म्हणजे कंटेनर एप्रिलअखेर न्हावाशेवाला लागला पाहिजे. समुद्राचे तीन आठवडे, उत्पादनाचे तीस दिवस, तपासणी आणि दुरुस्तीचा एक आठवडा मागे मोजत गेलं की ऑर्डर पडते फेब्रुवारीच्या शेवटी. आणि नेमकं तेव्हाच तिकडे नववर्ष. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला होतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. कामगार आधीच आठवडा-दोन आठवडे गावी निघतात आणि त्यातले बरेच त्याच कारखान्यात परतत नाहीत. नववर्षानंतरच्या पहिल्या लॉटमध्ये नवे हात असतात आणि दोषांचं प्रमाण त्यातच वाढतं. म्हणून आगाऊ रक्कम नोव्हेंबरअखेर जायला हवी आणि माल जानेवारीच्या मध्यात कारखान्याबाहेर पडायला हवा. याचा अर्थ पाऊस कसा होणार हे कुणालाच ठाऊक नसताना, सात महिने आधी पैसा गुंतवायचा. पाऊस लांबला आणि पेरा मोडला तर माल हरभऱ्यापर्यंत गोदामात. रब्बीसाठीची ऑर्डर बरी: ती जून-जुलैत द्यावी, म्हणजे १ ऑक्टोबरपासूनच्या त्यांच्या सुट्टीआधी माल निघतो.

नववर्षाच्या तोंडावर ‘आजच आगाऊ भरलं तर सुट्टीआधी देतो’ असं सगळेच सांगतात. त्या आठवड्यांत घाईने केलेला माल घेऊ नये.

वाळूजचं काम: काय चांगलं, काय नाही

बजाजचा कारखाना १९८५ पासून वाळूजला आहे. त्याच्या आणि बाकी वाहन कंपन्यांच्या आधाराने पत्रा, प्रेस, लेझर कटिंग, पावडर कोटिंग, सीएनसी आणि प्लास्टिक मोल्डिंगची शेकडो छोटी युनिट्स उभी राहिली. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लास्टिकसाठी सिपेट आहे. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. नमुना बनवणं, मोजणी, मटेरियलची चाचणी यासाठी पुण्याला जावं लागत नाही, ही छोट्या माणसाची मोठी सोय.

धातूची चोच हे इथलं सगळ्यात जमणारं काम. तिला डाय लागत नाही. दोन मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा लेझरवर कापायचा, प्रेस ब्रेकवर वाकवायचा, बिजागरीची पिन आणि टॉर्शन स्प्रिंग लावायची. आतल्या वाकाची गोलाई पत्र्याच्या जाडीहून कमी ठेवली तर वाकाच्या रेषेवर चीर जाते. पत्रा ३०४ ग्रेडचा मागितला की बऱ्याचदा २०२ येतो. दोन्ही लोहचुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबकाची चाचणी फसवते; मँगनीज दाखवणाऱ्या थेंबाच्या किटने किंवा मटेरियल सर्टिफिकेटने खात्री करावी. साध्या लोखंडी (सीआर) पत्र्यावर पावडर कोटिंग करून चोच करू नये. मातीत घासून कोटिंग टोकावरून आधी निघतं आणि गंजलेल्या जबड्याला ओली माती आणखी चिकटते. स्टेनलेस चोचीचा आतला पृष्ठ गुळगुळीत ठेवला आणि हलत्या जबड्याला मागे एक छोटी खिडकी दिली, तर बसलेली माती काडीने बाहेर ढकलता येते. ही खिडकी चिनी चोचीत नसते आणि भारी रानात तीच उपयोगी पडते. कापायच्या फाइलमध्ये एक गोल वाढवायचा, बस. तिकडे त्याच बदलासाठी डाय बदलावी लागते.

रोलरचंही तसंच. तिकडून येणाऱ्या खाचा त्यांच्या मक्या-सोयाबीनच्या मापाच्या. इथे सोयाबीनच्या वाणांत जेएस-३३५ चा दाणा वेगळा, फुले संगमचा त्याहून ठसठशीत, सरकी औषध लावलेली आणि खरखरीत. खाच मोठी झाली की तीन-चार दाणे पडतात आणि टोबणीने वाचणारं बियाणं वाचत नाही. लहान झाली की दाणा खाचेच्या कडेला आणि ब्रशमध्ये चिरडतो. सोयाबीनचं टरफल नाजूक, चिरलं की उगवण गेली. नायलॉनच्या सळीतून सीएनसीवर रोलर कापून त्यावर खाचा पाडणं छोट्या संख्येला परवडतं आणि वाणागणिक खाच बदलता येते. चाचणी साधी आहे. यंत्र स्टँडवर ठेवून ड्रम हाताने फिरवायचा आणि शंभर चोचींतून पडलेलं बी वेगवेगळं मोजायचं. पाचाहून जास्त चोची रिकाम्या गेल्या तर खाच किंवा ब्रश चुकला. मग पडलेल्या बियांतले शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवण बघायची आणि ती यंत्रातून न काढलेल्या बियांशी ताडायची. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असते. यंत्रातून काढल्यावर पाच-सात टक्क्यांचा फरक दिसला तर ब्रशचे केस कडक आहेत.

ड्रम मात्र इथे महाग पडतो. प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन किती टनाचं लागेल याचा अंगठ्याचा नियम असा: डायच्या तोंडातून दिसणारं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ टन धरायचं. ड्रमचा व्यास ४२ सेंटिमीटर. खिडक्या वजा केल्या तरी हजारभर चौरस सेंटिमीटर उरतात. ०.३५ ने गुणलं तरी साडेतीनशे टन, म्हणजे चारशे टनाच्या वरचं मशीन. अशी मशीनं वाळूजला आहेत, पण ती वाहन कंपन्यांच्या कामात गुंतलेली असतात आणि तीनशे नगांसाठी त्यावर डाय चढवायला कुणी उत्सुक नसतं. चढवली तरी सेटिंगचे आकार नगांवर पडतात. उलट चोचीचा छोटा प्लास्टिक भाग चार पोकळ्यांच्या डायमध्ये पन्नास-साठ टनाच्या मशीनवर निघतो.

पूर्ण यंत्राच्या सगळ्या डाय मिळून १४ लाख धरल्या आणि डाय सोडून इथला बनवण्याचा खर्च नगाला २,३०० धरला, तर चिनी मालाच्या २,८३० शी फरक ५३० रुपयांचा. १४ लाख भरून यायला सव्वीसशेहून जास्त नग विकावे लागतात. तितकी विक्री हातात असेल तर इथेच करावं. नसेल तर डायचं कर्ज विक्रीतून फिटत नाही.

इथल्या मोल्डिंगमध्ये फसतं कुठे, तेही नीट सांगायला हवं. पहिलं, आकुंचन. प्रत्येक प्लास्टिक थंड होताना आक्रसतं: एबीएस ०.४ ते ०.७ टक्के, पॉलिप्रॉपिलीन १ ते २.५ टक्के, साधं नायलॉन-६ साधारण ०.८ ते १.५ टक्के. डाय एबीएससाठी कापली आणि नंतर स्वस्त म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा दाणा टाकला, तर ४० मिलिमीटरच्या भागात अर्धा मिलिमीटर सहज कमी होतो. बिजागरीची पिन मग बसत नाही, आणि बसवली तर जबडा जॅम. मटेरियल ठरल्याशिवाय डायला हात लावू देऊ नये. दुसरं, रिग्राइंड. रनरचा, म्हणजे डायच्या वाहिन्यांत उरलेल्या प्लास्टिकचा, कचरा दळून परत दाण्यात मिसळतात. १०-१५ टक्क्यांपर्यंत चालतं, रात्रपाळीत ते तीसवर गेलं की ड्रमचे कान पहिल्याच धोंड्यावर तुटतात. बिलावर दाण्याचा ग्रेड लिहून घ्यावा आणि दर लॉटचे दोन नग हातोडीने फोडून बघावेत. तिसरं, नायलॉन ओलावा शोषतं. मोल्डिंगआधी दाणा ८० अंशांना किमान चार तास वाळवायला हवा. न वाळवलेल्या दाण्याचे भाग वर चंदेरी रेषा घेऊन निघतात आणि ठिसूळ असतात. पावसाळ्यात हे हटकून घडतं.

चौथा दोष मशीनचा नाही. दिलेली तारीख पाळली जात नाही. महिनाअखेरीला मोठ्या कंपनीची मागणी आली की छोट्याचं काम बाजूला सरकतं आणि ‘उद्या चढवतो’ हे आठ दिवस चालतं. उपाय दोन: डिसेंबर-जानेवारीत काम उरकून घ्यावं, आणि एकाच कामाला दोन वर्कशॉप लावून ठेवावेत. लेझरचं काम तर कुठेही हलवता येतं, फाइल आपली असते. डायच्या अंगावर आपल्या नावाची पट्टी खोदून घ्यावी आणि ‘डाय आमच्या मालकीची, मागितल्यावर परत’ असं पत्र सही-शिक्क्यासह घ्यावं. ते नसेल तर बिलाच्या भांडणात डाय ओलीस राहते.

कराचा उलटा डाव

याकडे फार कमी लोक बघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेरणी यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पण प्लास्टिक दाणा आणि पत्रा १८ टक्क्यांनीच येतो. इथे बनवणाऱ्याच्या खात्यात क्रेडिट साचत जातं. अशा उलट्या कररचनेचा (कच्च्या मालावर कर जास्त, तयार मालावर कमी) परतावा आरएफडी-०१ हा अर्ज भरून मिळतो, मात्र तो फक्त मालावर भरलेल्या कराचा. सेवांवरचा आणि भांडवली वस्तूंवरचा नाही. डाय भांडवली वस्तू, जॉबवर्क (आपल्या मालावर मजुरीने काम करून घेणं) सेवा. म्हणजे दाणा आपण घेऊन मोल्डिंग जॉबवर्कने करून घेतलं तर त्या मजुरीवरच्या कराचा परतावा नाही; तेच भाग मोल्डरकडून तयार माल म्हणून विकत घेतले तर आहे. त्यामुळे वर्कशॉपशी बोलतानाच तयार भागाचा दर मागावा. आयात करणारा ५ टक्क्यांनी भरतो आणि ५ टक्क्यांनी विकतो, त्याचा पैसा अडकत नाही. ही बाजू चीनच्या पारड्यात जाते, हे मान्य करायला हवं. शेतीची साधी हातअवजारं ८२०१ या वेगळ्या शीर्षकाखाली येतात आणि त्यांच्यावर जीएसटी नाही. टोकण यंत्राचं बिल त्यात फाडण्याचा मोह नको.

मिश्र मार्ग

ड्रम, डबा, आस आणि मागचं चाक तिकडून. चोची, रोलर, दांडा, जोडणी इथे. खोकं लहान होतं, कंटेनरमध्ये तीनशेऐवजी साडेचारशे संच बसतात. संचाचा एफओबी १,०५० रुपये धरला तर वरच्याच पद्धतीने दारात १,६६० पडतो. स्टेनलेसच्या बारा चोची ५४०, चार रोलर ४८०, पावडर कोटिंग केलेला दांडा २२०, जोडणी-खोकं-लेबल १५०. व्याजासह ३,१०० च्या आसपास. म्हणजे पूर्ण चिनी यंत्रापेक्षा नगाला अडीचशे-पावणेतीनशे रुपये महाग. हे पैसे उगाच जात नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात किनवटच्या किंवा औंढ्याच्या दुकानदाराचा फोन येतो तेव्हा चोच दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पोचते. पूर्ण चिनी यंत्राची चोच मोडली तर दुसऱ्या यंत्राची काढून द्यावी लागते, आणि असे चोच काढलेले चार-पाच सांगाडे प्रत्येक दुकानाच्या मागे पडलेले दिसतात.

या मार्गातला धोका एकच, पण मोठा: चोच ज्या बोल्टांवर बसते त्या भोकांमधलं अंतर. पुरवठादाराने न सांगता डाय बदलली आणि अंतर एका मिलिमीटरने सरकलं, की इथे तयार असलेल्या हजारो चोची भंगार. म्हणून भोकांचं स्टीलचं गेज बनवून तपासनीसाकडे पाठवावं आणि गेज बसलं नाही तर माल नापास असं करारात लिहावं. चोचीची भोकं गोल न ठेवता जरा लांबट ठेवली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक सांभाळला जातो.

पहिल्या वर्षी याहून सावध राहायचं असेल तर पन्नास पूर्ण यंत्रं इथल्याच एखाद्या आयातदाराकडून घाऊक भावात घ्यावीत, वेगवेगळ्या रानांत द्यावीत, आणि स्टेनलेस चोची त्यांच्यावरच बसवून बघाव्यात. नफा जवळजवळ नाही, पण डाय आणि कंटेनरच्या आधी मातीचा निकाल हातात येतो.

लेबलची बाजू दोन ओळींत. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. भाग तिकडचे आणि जोडणी इथली असेल तर ‘मेड इन इंडिया’ छापण्याआधी सल्लागाराला विचारावं, दुकानदाराला नव्हे.

विकताना प्रत्येक यंत्राबरोबर दोन जादा चोची, चार स्प्रिंगा आणि एक कोरा रोलर द्यावा. खर्च अडीचशेच्या आत बसतो. वॉरंटी चोचीवर एका हंगामाची, ड्रमवर दोन वर्षांची, आणि उलटं ओढल्याने भरलेल्या मातीची कुणीही देऊ नये. जबड्यात माती बसलेली असताना ‘यंत्रच खराब आहे’ म्हणून परत आलेले नग धुऊन, जबड्याची फट मोजून मगच बदलून द्यायचे की नाही ते ठरवावं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना दुरुस्ती लागत नाही. वापसा येईपर्यंत दोन दिवस थांबायचं असतं.